यातलं काहीच नाही

"मॅडम, तुमचा सवालच चुकला आहे!"

मी वळून पाहिलं. बायजाबाईंचा पोह्यांचा ठेला, वर प्लास्टिकचं छप्पर, बाहेर भुरभुर... आणि एक उंच, अनोळखी मुलगा माझ्या मोबाईलमध्ये डोकावत उभा. हातात तर्री पोह्यांची प्लेट, बोटांना हिरवा रंग, आणि आगाऊपणा तर चेहऱ्यावरच रंगवलेला!

"दुसऱ्याच्या फोनमध्ये पाहायची सवय आहे का तुम्हाले?"

"तुम्ही इतक्या जोरात वाचून राहिल्या... कान बंद करू का मी?"

मला मोठ्यानं वाचायची खोड आहे, हे खरंच. प्रश्न होता – 'यंदाचा सगळ्यात मोठा बडग्या कशाचा असेल?'

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची, म्हणजे गावाची इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळीची, मिरवणूक निघते. तिच्यासोबत त्या वर्षी लोकांना छळणाऱ्या गोष्टींचे पुतळे निघतात, ते बडगे. कोणाचा बडग्या कशाचा, हे मंडळं शेवटपर्यंत लपवून ठेवतात. आणि मी, मिहानमधल्या एका कंपनीत वेबसाइट बांधणारी गोपिका, याच गुपितावर खेळ बांधून बसले होते. वेबसाइट उघडायची, खोटी खोटी संत्री घ्यायची आणि आपल्या अंदाजावर लावायची. जास्त लोकांनी लावली की त्या उत्तराचा भाव चढतो. उत्तर खरं निघालं की संत्र्यांचा पाऊस. माझे साहेब अमोल सर म्हणाले होते, "मारबतीच्या दिवशी निकाल भांडणाशिवाय लागला तर हा खेळ कंपनीचा, आणि टीम तुझी. नाहीतर बंद." माझा जीव त्या एका दिवसात अडकला होता.

"काय चुकलं सवालात?" मी फणकारले.

"खड्डे, महागाई, वीजबिल, पेपरफुटी... चारच पर्याय. आणि पाचवंच काही निघालं तं? कोणाले जितवाल? 'यातलं काहीच नाही' टाका."

"असं कुठं होते का?"

"नागपूरच्याच ना तुम्ही?" तो हसला. हसताना त्याच्या गालाला खळी पडते, हे मी पाहायला नको होतं.

नाव ऋषिकेश, कला महाविद्यालयात मूर्तिकाम शिकवतो. त्या संध्याकाळी मी तो पर्याय टाकला. कुठल्यातरी उपटसुंभाचं ऐकलं म्हणून स्वतःवरच चिडले, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा त्याच ठेल्यावर गेले. पोह्यांसाठी हं!

तो 'तर्रीबाज' नावानं खेळू लागला. पाऊस कधी उघडणार, उड्डाणपूल कधी सुरू होणार, माझ्या बाकी सगळ्या प्रश्नांवर जिंकायचा. फक्त बडग्यावर एक संत्रंही लावायचा नाही.

"काहून नाही लावत गा?" आता मी त्याला 'गा' म्हणू लागले होते.

"नाही लावत... तुझ्या गेमशी बेइमानी नाही करायची मले."

मला काही कळलं नाही. पण 'तुझ्या' मात्र नीट ऐकू आलं.

त्याच दिवशी त्यानं स्वतःचा एक प्रश्न मंजुरीसाठी पाठवला – 'गोपिका ऋषिकेशच्या प्रेमात पडेल का?' पर्याय तीन: हो. नक्कीच हो. यातलं काहीच नाही. मी तो मंजूरही केला नाही आणि खोडलाही नाही. रोज उघडायचे, हसायचे, बंद करायचे.

मारबतीचा दिवस उजाडला. इतवारीत मुंगीला शिरायला जागा नाही. "घेऊन जा गे मारबत!" या आरोळ्यांनी कान बधिर झाले. माझ्या खेळात 'खड्डे'चा भाव शंभरात नव्वदीवर, आणि शेजारी अमोल सर फोन उघडून उभे. सगळ्यात मोठा बडग्या चौकात आला, कापड सरकलं...

खड्डा नव्हताच! हातात मोबाईल, डोक्यावर पोपट, असा एक हिरवागार ज्योतिषी. गळ्यात पाटी – 'पुढचं सगळं आधीच माहीत असणारे शहाणे, घेऊन जा गे मारबत!'

आणि जो हशा उसळला! मी निकाल दाबला – यातलं काहीच नाही. पान फिरलं, फिरलं... आणि संत्री वाटली गेली. "पर्याय तं होता ना बे, आपणच नाही लावली," कोणीतरी मित्राला म्हणालं. भांडण नाही की तंटा नाही!

अमोल सरांनी हात पुढे केला. "टीम तुझी, गोपिका."

मी मारलेली उडी आख्ख्या इतवारीनं पाहिली असेल. खाली आले तर समोर, बडग्याच्या पायामागून निघालेला ऋषिकेश. दोन्ही हात कोपरापर्यंत हिरवे.

"तू बनवला?"

"हो. खड्ड्याचाच होता. तुझ्या गेममध्ये नव्वद भाव पाहून आमच्या मंडळाचे गणपतरावकाका भडकले. म्हणे, साऱ्यांले माहीत असलं तं मजा काय? बदला!" त्यानं मान खाली घातली. "मंडळाचं गुपित होतं, वं. तुले सांगता येत नव्हतं, अन् लावताही येत नव्हतं..."

मला रडू आलं, आणि हसूही. मिरवणूक पुढे गेली तशी मी त्याला ओढतच ठेल्यावर नेलं.

"मीनं लावली होती संत्री!" बायजाबाई फोन नाचवत म्हणाल्या. "'काहीच नाही'वर. स्वस्त होतं."

मी फोन काढला. त्याचा प्रश्न उघडला, एक पर्याय खोडला आणि मंजूर केला. त्याचा फोन वाजला. त्यानं वाचलं, पुन्हा वाचलं...

"गोपिका, यातलं 'यातलं काहीच नाही' कुठं गेलं?"

"या सवालाले त्याची गरज नाही," मी म्हणाले, आणि निकाल दाबला – नक्कीच हो.