मागे राहायची शर्यत

वाळवंटातल्या सान पेद्रो गावाहून सायकल दौऱ्यावर निघालो त्या पहिल्याच दिवशी मी त्याला चोर समजले. आमची सायकलवाली टोळी केव्हाच पुढे गेलेली, दोन्हीकडे नुसते दगड आणि मीठ, आणि हा बाबा माझ्या मागे. मी थांबले की थांबतो, मी निघाले की निघतो. शेवटी मी सायकल आडवी घातली.

“जा की पुढे.”

“नाही जाता येत.”

“का, पाय दुखतात?”

त्याने सीटमागे बांधलेली छोटी केरसुणी दाखवली. “मी झाडूवाला. जो सगळ्यात मागे, त्याच्या मागे मी. वाळवंटात कोणी राहून जायला नको म्हणून.”

“म्हणजे मी कचरा?”

“तसं नाही...” तो म्हणाला आणि लालेलाल झाला. कान सुपासारखे, आणि केसांची कोणीतरी पार वाट लावलेली. माझं कलामा गावात केस कापायचं दुकान आहे, त्यामुळे माझी नजर आधी तिकडेच जाते.

“केस कोणी कापले?”

“आईने.”

“भांडण झालं होतं का?”

तो हसला... आणि तिथेच माझं बिघडलं.

नाव इलादियो. मग रोज मी शेवटची आणि तो माझ्या मागे. दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटायचा, थेट तोंडावर. त्या वाऱ्यात तो मागून काहीबाही ओरडायचा, मला एक अक्षर कळायचं नाही. मग मीही बिनधास्त एकटीच बडबडत राहायचे. मैलोन् मैल माणूस नाही, दुसरं करणार काय?

शेवटच्या दिवशी संध्याकाळपर्यंत तोकोपियाचा समुद्र गाठायचा होता. तिथे त्याचं घर. दुसऱ्या दिवशी आम्ही बाकीचे ट्रकमध्ये सायकली टाकून परत. मला एवढंच विचारायचं होतं — तू माझ्या मागे येतोस ते केरसुणीमुळे, की माझ्यामुळे? त्यासाठी ती एकच दुपार उरली होती, आणि नेमके त्याच दुपारी कुस्तोदियोकाका मध्ये कडमडले.

काका कलामाचे पाववाले. साठी उलटलेली, पण रोज सगळ्यांच्या पुढे. त्या दिवशी मात्र मागे सरकत सरकत माझ्या बरोबरीला आले, मग माझ्याही मागे गेले. वळून बघते तर इलादियो त्यांच्या मागे. मला दिसत होतं ते फक्त काकांचं पोट. मी वेग कमी केला. काकांनी आणखी कमी केला.

“काका, व्हा ना पुढे.”

“तू हो पोरी. माझा गुडघा धरलाय.”

“माझे दोन्ही धरलेत.”

इतक्या हळू चालवायला लागलो की शेवटी दोघंही डुगडुगून रस्त्यावरून खाली उतरलो. तिथे वाळवंटात तहानेने मेलेल्या एका बाईचं छोटंसं देऊळ होतं. जाणारेयेणारे तिला पाण्याच्या बाटल्या वाहतात. काकांनी बाटली ठेवली, डोळे मिटले आणि उघडेचनात. मीही हात जोडून उभी राहिले. जरा वेळाने मी एक डोळा उघडला, तर काकांचाही एक उघडा.

“तुम्ही दोघं ठीक आहात ना?” मागून इलादियो. “आपला सामानाचा ट्रक येतोय. असंच रेंगाळलात तर दोघांनाही उचलून टाकतील त्यात.”

मला घाम फुटला. एवढं वाळवंट तुडवून समुद्रावर ट्रकमधून उतरायचं? आणि काकांचा चेहरा मात्र उजळला. माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. ट्रक चालवायच्या नोल्फामावशी.

“काका, तुम्हाला ट्रक हवाय,” मी कुजबुजले.

“हळू बोल.”

“मग हात करा की सरळ.”

“दमलो म्हणून बसू? काय म्हणेल ती? सायकल मोडली तर गोष्ट वेगळी. पण मेली मोडेल तर शपथ.”

मी केसांतली पिन काढली आणि काकांच्या मागच्या चाकाच्या व्हॉल्व्हमध्ये खुपसली. फुस्स. इलादियो गंभीरपणे आभाळाकडे बघत राहिला.

ट्रक आला. मावशींनी चाक बघितलं, काकांना बघितलं. “एकदाची हवा गेली म्हणायची,” त्या म्हणाल्या आणि शेजारच्या सीटवरची पिशवी उचलून मागे टाकली.

पुन्हा आम्ही दोघं. उतार आणि तोंडावर वारा. विचारायचं होतं, पण वळून विचारायला जीभ रेटेना. मग वाऱ्यालाच म्हटलं, “नुसता येतोय मागे मागे, बैल कुठला. उद्या मी जाणार. तुला काही वाटतं का नाही?” मागून तो जोरात काहीतरी ओरडला. नेहमीसारखं, ऐकू काहीच नाही.

समुद्र आला. बंदरावर सगळे टाळ्या वाजवत उभे होते. काका आणि मावशी एकच कलिंगड खात होते. मी सायकलवरूनच एक पाय टेकला, तो मागे थांबला.

“रोज मागून काय ओरडायचास रे?”

“‘ऐकू येतंय’ म्हणून.”

“काय?”

“वारा तुझ्याकडून माझ्याकडे यायचा ना. तुझं सगळं ऐकू यायचं. पहिल्या दिवसापासून.”

मला तोंड लपवायला जागा सापडेना. सगळं? त्याचं हसू, त्याच्या पोटऱ्या...

“आईच्या हातातली कात्री काढून घेईन म्हणालीस, तेही.”

“मग उत्तर द्यायला काय झालं होतं?”

“दिलं की. रोज दिलं. वारा उलटा होता.”

मी घसा साफ केला. “दौरा संपला. आता तरी पुढे हो.”

“पुढे गेलो तर तुझी बडबड कशी ऐकू येणार?”

“मग शेजारी ये.”

त्याने केरसुणी सोडली, काकांच्या हातात दिली आणि सायकल माझ्या शेजारी आणून लावली. मग माझ्या वाऱ्यातल्या प्रश्नाचं उत्तर दिलं, अगदी कानाशी. उत्तर एवढंसंच होतं. मी त्याला ते तीनदा म्हणायला लावलं — म्हटलं, वारा आहे, ऐकू येत नाही.