न दुखणारी पाठ

त्याच्या डाव्या चपलेची टाच बाहेरच्या कडेने झिजली होती. उजवी सपाट, जवळजवळ नवी.

नांदुऱ्याहून धामणगाव बढेला जाणाऱ्या एसटीत मी खिडकीशी बसले होते आणि तो दाराजवळ उभा होता. टाचेवरून माझी नजर गुडघ्यावर गेली, तिथून कमरेवर, मग खांद्यांवर. उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर वर चढलेला. हा माणूस रोज उजव्या खांद्यावर काहीतरी जड वाहतो आणि सगळा तोल डाव्या पायावर टाकतो, इतकं मला कळलं. चेहऱ्याकडे मी सर्वांत शेवटी पाहिलं. तोवर तो माझ्याकडेच बघत होता.

"चप्पल पायजे का, मॅडम? मघापासून पाहून राह्यल्या."

माझे कान तापले.

"तुमची कंबर दुखते का?" मी विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"नाही."

"दुखेल."

तो मनापासून हसला. "असा आशीर्वाद पहिल्यांदाच भेटला!"

मी फिजिओथेरपी शिकले, आणि नंतर मणक्यांचे कायरोप्रॅक्टिक उपचार. नांदुऱ्यात स्टेशनजवळ माझा लहानसा दवाखाना आहे. दर सोमवारी धामणगावच्या समाजमंदिरात शिबिर घेते. सांगणं एकच – पाठ दुखायच्या आधी तिची काळजी घ्या. लोक माना डोलवतात. येत मात्र कोणी नाही. दुखतच नाही तर दाखवायचं काय?

धामणगावला उतरलो तर पारावरून एक म्हातारे गृहस्थ कमरेवर हात ठेवून, वाकडे होत होत आले.

"गोकुळ! बरं झालं भेटला. उसण भरली बे. मार एक."

"मोतीरामबुवा, घरी तर जाऊ द्या—"

"मार म्हणतो ना!"

म्हाताऱ्याने पाठ केली. गोकुळने माझ्याकडे चोरून पाहिलं, ती झिजलेली चप्पल काढली आणि डाव्या पायाचा तळवा त्यांच्या कमरेला तीनदा हळूच लावला. मोतीरामबुवा निम्मे सरळ झाले आणि खुशीत निघून गेले.

"हे काय होतं?" मी विचारलं.

"मी पायाळू हाय ना मॅडम. जन्मलो तवा पाय आधी बाहेर आले. अशा माणसाची लाथ लागली का उसण निघते म्हणतात." त्याने चप्पल घातली. "फी नाही, नंबर नाही. तुमाले कॉम्पिटिशन हाय."

"आणि पुन्हा भरली तर?"

"पुन्हा लाथ."

मला राग आला होता. तो संध्याकाळपर्यंत टिकायला हवा होता – टिकला नाही.

पुढच्या सोमवारी तो शिबिरात आला. न दुखणारी पाठ घेऊन आलेला माझा पहिला पेशंट.

"दुखत काही नाही. पण तुमी 'दुखेल' म्हणल्या ना... तवापासून धड झोप नाही."

विहिरीतले पंप काढायचे, खांद्यावरून दुकानात आणायचे आणि दिवसभर वाकून मोटर दुरुस्त करायच्या, हे त्याचं काम. मी त्याची पाठ तपासली. कमरेचा एक सांधा आखडला होता. तो मोकळा करताना बारीक आवाज झाला आणि गोकुळ दचकला.

"मोडलं का काही?"

"सांध्यातला वायू आहे. घाबरलात?"

"छे! पाय तेवढे थरथरून राह्यले."

मग मी त्याला वजन उचलायला शिकवलं. पाठ सरळ, वाकायचं ते गुडघ्यांतून, ओझं पोटाशी, आणि उचलताना श्वास सोडायचा. पंप दोघांनी मिळून आणायचा. शिकायला तो चांगला होता. प्रश्न मात्र भलते विचारायचा.

"श्वास सोडाचं तुमीच सांगता. तुमी काऊन रोखून धरला?"

धरला होता. मी हाताला न लागलेलं तेल पुसत बसले.

त्यानंतर गावात एक गंमत झाली. उसण भरून कोणी त्याच्याकडे आलं की तो म्हणायचा, "लाथ भेटन. पण आधी मॅडमकडून वाकाचं शिकून या." कापूस वेचणाऱ्या बाया येऊ लागल्या. कमरेच्या फडक्यातला कापूस एका बाजूला लोंबू न देता कसा बांधायचा, वेचताना मधूनमधून मागे कसं झुकायचं, हे मी दाखवायची. समाजमंदिरात बसायला जागा पुरेना.

दिवाळीनंतर गोकुळचे दोन्ही खांदे एका रेषेत आले. तेव्हाच मी म्हणायला हवं होतं – झालं, आता घरी व्यायाम करत राहा. तोंडापर्यंत आलेलं वाक्य मी दर सोमवारी गिळलं.

कारण साधं होतं. ज्याच्या पाठीवर इलाजासाठी हात ठेवला, त्याच्याशी दुसरं कुठलं नातं जोडायचं नाही, हे मला शिकवलेलं होतं आणि पटलेलंही होतं. तो पेशंट राहिला तर मला नजरही आवरायला हवी. पेशंट नसला तर त्याला येण्याचं कारणच उरत नाही. या दोन टोकांमध्ये माझ्या येरझारा चालल्या होत्या. दवाखान्यात नीट लावलेल्या खुर्च्या मी पुन्हा लावायची. चहा उतू जायचा. दाराशी पावलं वाजली की हातातलं काम थांबायचं... आणि ती दुसऱ्याच कोणाची निघायची.

एकदा शर्टाची बटणं लावता लावता त्याने विचारलं, "मॅडम, न दुखणाऱ्या पाठीचा इलाज संपते कधी?"

"काळजी तर आयुष्यभर घ्यावी लागते."

"आयुष्यभर?" तो शेवटच्या बटणाशी थांबला. "मंग मले काही घाई नाही."

मला होती. कसली, ते सांगता येत नव्हतं.

त्याची आत्या, सिंधूताई, मानेच्या व्यायामाला यायची. एका सोमवारी तिची मान माझ्या हातात होती आणि तोंड नेहमीसारखं चालू होतं.

"रविवारी देऊळगाव राजाचे पाहुणे येऊन राह्यले वो, आमच्या गोकुळले पाहाले. पोरगी शिकेल हाय. हा बेटा नुसता 'मंग पाहू, मंग पाहू' करते. या खेपेले मीच होकार कळवला." जरा थांबून ती म्हणाली, "हात काऊन थांबला, बाई?"

"काही नाही. मान सैल सोडा."

ती उठली. मला बसवेना, उभंही राहवेना. समोरचा सागवानी बाक उगाचच वाकडा वाटायला लागला. मी गेले, गुडघे ताठ ठेवून वाकले, बाक एका हाताने धरला आणि कमरेतून वळून ओढला. करू नका म्हणून दर सोमवारी जे जे सांगते, ते सगळं एका झटक्यात.

कमरेत कळ उठली. मी वाकलेली तशीच राहिले.

"उसण भरली डॉक्टरीणले!" कोणीतरी ओरडलं, आणि पाठोपाठ अनेक आवाज – "पायाळूले बोलवा! गोकुळले बोलवा!"

"नको," मी म्हणत होते. "अहो, नको ना..."

गोकुळ ग्रीसने माखलेल्या हातांनी धावत आला. बाया बाजूला झाल्या.

"मार एक, म्हणजे सुटन," सिंधूताईने हुकूम सोडला.

तो जागचा हलला नाही.

"काऊन बे? साऱ्या गावाले मारतो!"

"यायले नाही मारत, आत्या."

"अरे पण काऊन?"

त्याने हात खांद्यावरच्या जुन्या फडक्याला पुसले आणि माझ्यापाशी गुडघ्यावर बसला.

"हळूच खाली बसा. आता कुशीवर... मंग पाठीवर. पाय या बाकावर ठेवा." सगळी माझीच वाक्यं, माझ्याच क्रमाने. "पायात मुंग्या? बधिर लागते?"

"नाही."

"मंग काही मोठं नाही. तुमीच सांगता. श्वास सोडा."

मी सोडला. कळ हळूहळू ओसरायला लागली. बायांची पांगापांग झाली. सिंधूताई तेवढी दाराशी, पाठ करून, कान इकडे लावून बसली.

"रविवारचं कळलं ना तुमाले?" गोकुळ हलक्या आवाजात म्हणाला.

"कळलं."

"म्हणून बाक ओढला?"

"बाक वाकडा होता."

"बाक फरशीच्या रेषेत सरळ हाय, मॅडम." तो हसला नाही. "मी अजून आत्याले 'नाही' म्हटलं नाही. 'नाही' म्हणाले काही आधार तर पायजे... आता तुमीच सांगा. पुढल्या सोमवारी येऊ का नको?"

तो उठून उभा राहिला. मी जमिनीवर, त्यामुळे त्याचे पाय नजरेच्या अगदी समोर आले. चपला नव्या होत्या; नव्या म्हणजे दिवाळीच्या. मी नीट पाहिलं. दोन्ही टाचा सारख्या झिजल्या होत्या. आतून तितक्याच, बाहेरून तितक्याच.

तपासायचं काही राहिलं नव्हतं.

"नका येऊ," मी म्हणाले.

त्याचा चेहरा उतरला. "बरं."

"गोकुळ, तुमची पाठ कधीचीच ठीक आहे. आजपासून तुम्ही माझे पेशंट नाही."

"बरं म्हटलं ना."

"ऐका तर... पेशंट होतात तोवर मला हे बोलता येत नव्हतं."

तो वळता वळता थांबला. पुन्हा खाली बसला, या वेळी अगदी जवळ, आणि श्वास रोखून. मी त्याला विचारलं, फक्त डोळ्यांनी. त्याने मान हलवली. एकदा, आणि न जाणो मला दिसलं नसेल म्हणून पुन्हा एकदा.

"सिंधूताई," मी छताकडे बघत, दारापर्यंत सहज पोहोचेल अशा आवाजात म्हणाले, "देऊळगावच्या पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवा. गोकुळशी मी लग्न करणार आहे."