सावरखिंडीचा चढ

प्रयोगशाळेत चाचणीचं चाक गरगरत होतं. त्याच्याखालच्या पट्टीतले दाबस्फटिक, म्हणजे दाबलं की वीज देणारे खडे, केसभर दबत होते आणि वर टांगलेला दिवा झेंडूसारखा फुलत होता. हाच दिवा दाखवून डॉ. वत्सला नाईकनवरेंनी सावरखिंडीच्या चढावर दाबविजेचा रस्ता करून घेतला होता. आता गावातले सगळे दिवे त्या रस्त्याच्या विजेवर जळत होते.

"मॅडम, या चाकाची मोटार कुठल्या मीटरवर?" नवा अभियंता मुजावर याने विचारलं.

"शेजारच्या इमारतीच्या. इथे जोडणी नव्हती."

"म्हणजे निघालेली वीज आपण मोजली. लागलेली कधीच नाही."

वत्सला हसायला गेली, पण ते हसू ओठांवरच सुकलं.

"आपण वीज ओढतो म्हणून स्फटिक मऊ पडतो," मुजावर हलकेच म्हणाला. "चाकाखाली बारीक खळगा होतो आणि चाक सारखं त्या खळग्यातून वर येत राहतं. उतारावर गाडीला ब्रेकच मारायचा असतो, तिथे चाललं असतं. आपण घेतली चढाची बाजू."

"भरल्या गाड्या तिकडूनच येतात ना."

"इंजिनवाल्याला कळत नाही, मॅडम. ढकलणाऱ्याचा जीव जातो."

तिला गोदाक्का आठवली. मडक्यांची हातगाडी अर्ध्या चढावर थांबवून म्हणाली होती, "बाई, तुमच्या रस्त्याला माया फार. धरलं की सोडतच नाही." तेव्हा सगळे हसले होते. शाळेच्या मुली सायकलवरून उतरून चालायच्या. म्हातारे म्हणायचे, वय झालं. जो तो आपल्याच हाडांना बोल लावत होता, आणि त्यांच्या अंगातलं बळ चोरून ती गावाला उजेड वाटत होती.

तिचे वडील, अप्पा, वाचनालयात सायकलने जायचे. ते म्हणाले होते, "वत्सू, छातीत भरून येतं गं. डॉक्टरला दाखवू या का?"

"सगळेच दमतात हल्ली, अप्पा," ती म्हणाली होती.

आता त्या अपराधीपणाच्या तळाशी एक लहानसं सुखही होतं. अप्पांना काही झालेलं नाही, दोष रस्त्याचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने अप्पांना सगळं सांगितलं. "आज सायकल घेऊन चढावर या. आज रस्ता तुमच्याकडून काही घेणार नाही."

चढाच्या माथ्यावर तिच्याशेजारी उभ्या मुजावरने वीज ओढणं बंद केलं. स्फटिक कातळासारखे कडक झाले. गोदाक्काची गाडी सरसर वर आली.

"आज रुसला वाटतं रस्ता," ती म्हणाली. "पदर धरला नाही."

पाठोपाठ मुली आल्या, न उतरता, वेण्या उडवत. मग वळणावर अप्पांची पांढरी टोपी दिसली. अर्ध्या चढावर ती थांबली. अप्पा उतरले, सायकल आडवी झाली आणि ते कडेच्या दगडावर बसले.

वत्सला धावत खाली गेली. अप्पांचे ओठ निळसर पडले होते. मागे मुजावर फोनवरून गाडी बोलावत होता.

"बंद आहे ना गं वीज?" अप्पांनी विचारलं.

तिने होकारार्थी मान हलवली. सारं गाव धापा टाकत होतं, त्यात हा एक श्वास तिला वेगळा ऐकूच आला नव्हता.

अप्पांनी तिचा हात चाचपडत धरला. "चालू कर बाई परत," ते म्हणाले. "सगळ्यांबरोबर दमत होतो, तेच बरं होतं."