न वाजलेला भोंगा

यंत्राचं दार उघडताच गरम, उग्र वास अंगावर आला. ट्रेमध्ये कालच अंड्यातून बाहेर पडलेली पिल्लं निपचित पडली होती. भैरवीच्या डोक्यात तिडीक गेली.

उचगावच्या या अंडी उबवण्याच्या हॅचरीचा प्रोग्रॅम तिनंच लिहिलेला. उष्णता वाढली की भोंगा वाजायलाच हवा, असा. मालक उपेंद्र अण्णांनी तिला खासबागेतून तातडीनं बोलावून घेतलं होतं. कामावरच्या रूपालीला पोलिसांत द्यायचं, त्याआधी पुरावा हवा होता.

"पंखा बंद पडला, भोंगा बोंबलत राहिला आणि ही बया जागची हलली न्हाय!" अण्णा कडाडले.

"भोंगा वाजलाच न्हाय, आक्का," रडून रडून रूपालीचा आवाज बसला होता. "मी भिंतीपलीकडंच अंडी निवडत होते. शनिवारी वाजला तवा पळत आलतेच की."

"मग फाइल खोटं बोलती व्हय?" अण्णांचा पुतण्या अनय संगणकाच्या पडद्याकडे बोट दाखवत म्हणाला. सेटिंगच्या फाइलमध्ये भोंगा 'चालू' होता. "हिच्या आईला फोन करून सांगितलंय मी, लेकीनं काय दिवे लावलेत ते."

एवढी घाई कशाला केली यानं? भैरवीनं दात आवळले.

"अण्णा, फाइलचा पासवर्ड कुणाकडं?"

"माझ्याकडं आणि अनयकडं."

"शनिवारनंतर प्रोग्रॅम बंद पडलता?"

"सोमवारी करंट गेलता. मी निपाणीत, ही सदलग्याला आईकडं. अनयनंच परत सुरू केला."

"तवापासनं चालूच हाय," अनय पुढे सरकला. "एकदा रीस्टार्ट करू या की."

"हात लावू नकोस!"

भैरवीनं चालू प्रोग्रॅमलाच विचारलं, भोंग्याची सेटिंग काय? उत्तर उमटलं: बंद.

"हे कसं काय?" अण्णा गोंधळले.

"प्रोग्रॅम सुरू होताना फाइल एकदाच वाचतो, अण्णा. सगळ्या सेटिंग एका ऑब्जेक्टमध्ये, म्हणजे स्वतःच्या आठवणीतल्या एका कप्प्यात, भरून घेतो. पुढं काहीही लागलं तर त्या ऑब्जेक्टलाच विचारतो, फाइलकडं ढुंकूनही बघत न्हाय. म्हणजे सोमवारी सुरू करताना फाइलमध्ये भोंगा बंद होता. तुम्ही निपाणीत, ही सदलग्यात. मग बंद कुणी केला? आज पिल्लं मेलेली बघून यानं फाइल गुपचूप दुरुस्त केली. ऑब्जेक्ट मात्र जुनंच राहिलं. म्हणून तर रीस्टार्टची घाई! नवी फाइल वाचली असती तर पुरावाच पुसला गेला असता."

अनयचा चेहरा उतरला. "करंट आला-गेला की पंखा अडतो आणि भोंगा कोकलतो. मॅच धड बघू देत न्हाय..."

"मॅच?" भैरवीचा आवाज चढला. "एका मॅचपायी या पोरीला तुरुंगात धाडणार होतास?"

अण्णांनी खुर्ची लाथाडली. "चुकलं माझं, रूपाली. कामावर ये."

रूपालीनं डोळे पुसले, फोन काढला आणि नंबर लावला.

"काम मागनं बघू. सकाळपासनं आईनं पाण्याचा घोट घेतला न्हाय." तिनं स्पीकर चालू करून फोन अनयच्या तोंडापुढे धरला. "सांगा आता तिला."

पलीकडून थरथरता "हॅलो" आला. अनय एक पाऊल मागे सरला. रूपालीनं फोन मागे घेतला नाही.