राहिलेला हसरा शॉट

नंदकिशोरकाका गच्चीवर आले होते ते टाकीचा कॉक बंद करायला. मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार होता. जेवणं उरकली होती, मुलुंडच्या हवेत नुकता कुठे गारवा आला होता. टाकीमागे मोबाईलचा उजेड दिसला म्हणून ते तिकडे वळले.

निधी पांढरी चादर पांघरून आडवी पडली होती. नाकात कापूस. प्रीतम तिच्यावर मोबाईल धरून उभा होता.

"हलू नको गं! मेलेली आहेस तू."

"मुंगी चावतेय."

"मेलेल्याला चावत नाही."

दोघं कॉलेजातली मुलं, मे महिन्यात इथं राहायला आलेली. भुताची रील चालली होती. काका एरवी असल्या उद्योगांना हसत. आज हसले नाहीत.

"प्रीतम, बंद करू नकोस. तसाच धर. निधी, ऊठ. कॅमेऱ्याकडे बघ आणि हस."

"पण काका, सीन अजून..."

"हस म्हणतो ना!"

ती दचकून उठली. कशीबशी हसली. काकांनी सुस्कारा सोडला. "हं. आता बंद कर."

"काय झालं काका?"

"खाली चौथ्या मजल्यावरच्या क्षमाला तुम्ही पोरं काय म्हणता?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "खडूस काकू," प्रीतम पुटपुटला. "हसतच नाहीत ना त्या. गणपतीतल्या नाटकात सगळे लोळत होते हसून. त्या नुसत्या बघत बसल्या. आमच्याकडे."

"गेल्या वर्षापर्यंत ती वर हसली, की खाली गेटवरच्या वॉचमनला हसू यायचं. बसा. तिच्या नवऱ्यानं, देवदत्तनं, मला सांगितलं ते सांगतो. माझ्या पदरचं काही नाही."

काका पाण्याच्या पाईपवर टेकले आणि सांगू लागले.

गेल्या वर्षीचा मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. सकाळी देवदत्त मला पिठाच्या गिरणीत भेटला. तांदळाचं पीठ घेत होता. म्हटलं, घावने का रे? तर म्हणे, "नाही काका, मयताचं पीठ. पिक्चरला लागतंय."

तो अंधेरीला ऑफिसात कामाला. पण डोक्यात सिनेमा. रजा टाकून भुताचा पिक्चर काढत होता. खिसा रिकामा, म्हणून कॅमेरा स्वतःच चालवायचा. आवाजाला मित्र, रतन. आणि मेलेली बाई म्हणून बायको. जागा शोधली होती माहुलकडे. एका बंद पडलेल्या कंपनीची ओसाड क्वार्टर्स. दारं-खिडक्या लोकांनी कधीच काढून नेलेल्या. माणूस नाही, कुत्रं नाही. त्याला आवडलं ते वेगळंच. लांबवर रिफायनरीची ज्योत जळते ना, ती भडकली की खोली नारिंगी व्हायची. भिंती हलल्यासारख्या वाटायच्या. फुकटचा लाइट!

क्षमाचा उपास होता. घरी घट मांडलेला. निघताना जिन्यात मला म्हणाली, "काका, ह्याला सांगा जरा. रात्री देवीला नैवेद्य दाखवून मला जेवायचंय. उशीर केला तर ह्याचंच मयत काढीन." आणि हसली. तिचं हसू मी ऐकलं ते शेवटचं.

आता तो सीन काय होता, ते ऐका. आपल्यात माणूस गेलं की त्या जागेवर दिवा लावतात. शेजारी पीठ पसरतात, वर टोपली झाकतात. दुसऱ्या दिवशी टोपली उचलायची आणि बघायचं, पिठात पाऊल कुणाचं. चिमणीचं असलं तर जीव चिमणी झाला. गेलेलं माणूस कुठल्या रूपानं गेलं, ते पीठ सांगतं. देवदत्तच्या गोष्टीत हे सगळं होतं. क्षमाला जमिनीवर निजवलं. नाकात कापूस, तोंडावर तुळशीचं पान, पायाचे अंगठे दोऱ्यानं बांधलेले. पदराखाली छातीला रतनचा छोटा माइक. उशाशी कणकेचा दिवा. बाजूला थाळीत पीठ, वर टोपली.

शॉट झकास झाला. देवदत्त "कट" म्हणाला.

सिनेमावाल्यांची एक रीत आहे. मेल्याचा शॉट झाला की कॅमेरा लगेच बंद करत नाहीत. मेलेल्या नटानं उठायचं आणि कॅमेऱ्यात बघून हसायचं. खोटं होतं हो, असं सांगायचं. कुणाला सांगायचं, ते कुणी विचारत नाही.

रतन म्हणाला, "वहिनींना हसवून घे रे."

"ज्योत खाली बसतेय, यार. आधी थाळीचा क्लोजअप घेऊ. हसायला काय, घरी जाऊन हसेल."

"अरे, मला सोड तरी!" क्षमा तोंडावरचं पान पडू न देता पुटपुटली.

"थांब गं, उठलीस तर सावली पडेल. मेलेली आहेस, गप पड."

असं म्हणाला. स्वतःच्या बायकोला. त्यानं कॅमेरा थाळीकडे वळवला आणि टोपली उचलली.

पिठात पाऊल होतं.

बाईचं. डावं. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यावर चढलेलं. क्षमा लहानपणी आजोळी झोपाळ्यावरून पडली होती, तेव्हापासून तिचं बोट तसं आहे. जगात दुसऱ्या कुणाचं नसेल.

"क्षमा, मस्करी नको हं," म्हणत तो वळला.

ती निजलेली. अंगठे बांधलेले. दोरा ताठ. तळव्यांना पिठाचा कणही नाही.

तेवढ्यात रतननं कानावरचे हेडफोन दाबून धरले.

"देवदत्त... कोण हसतंय?"

"कुणी नाही."

"बाई हसतेय. माइकच्या अगदी जवळ."

माइक क्षमाच्या छातीवर. तिचे ओठ मिटलेले. तुळशीचं पान जागचं हललं नव्हतं.

"थांबत नाहीये रे... श्वास पण घेत नाहीये..."

रतननं हेडफोन फेकून दिले.

"क्षमा," देवदत्त म्हणाला. "ऊठ."

...

"क्षमा!"

तिनं डोळे उघडले. त्याच्याकडे पाहिलं. मला सांगताना तो म्हणाला, "काका, ती मला ओळखत होती. पण दबा धरून बसलेलं जनावर ओळखतं ना, तसं."

त्यानं कॅमेरा तिच्यावर धरला. "हस. एकदाच हस गं. पाया पडतो."

ती उठून बसली. पान खाली पडलं.

"आता?" ती म्हणाली.

आवाज तिचाच. पण बोलणारी...

ज्योत खाली बसली. काळोख. आणि त्या काळोखात दोरा तुटला. तट्. एवढंच ऐकू आलं.

निधीनं चादर अंगाभोवती घट्ट ओढली.

"मग?"

मग घरी आणलं तिला. घरात घटापुढे दिवा तेवत होता. तिनं नैवेद्य नाही दाखवला. दोन बोटांनी वात चिमटली आणि झोपायला गेली. तेव्हापासून सगळं करते. ऑफिस, स्वयंपाक, धुणी. फक्त हसत नाही. आणि देवदत्त रात्री झोपेत कूस बदलतो, तेव्हा ती बसलेली असते. उशाशी. त्याच्याकडे बघत.

डॉक्टर झाले, गावाकडचा देव झाला. माहुलला तो परत जाऊन आला, पाचदा. रिकामी खोली, दुसरं काही नाही. शेवटी एकच गोष्ट त्याच्या हातात राहिली. ते पीठ. पाऊल तिचं, म्हणून टाकवेना. डब्यात भरून घरी आणलं होतं. वरून हात फिरवून सपाट केलं, झाकण घट्ट लावलं. पुढच्या गुरुवारी उघडलं...

"पाऊल?" प्रीतमनं विचारलं.

तेच. बोट चढलेलं. एवढ्याशा डब्यात, झाकण लावलेल्या डब्यात. तेव्हापासून दर गुरुवारी. देवदत्त म्हणतो, "काका, ती अजून येतेय. माझी क्षमा चालत येतेय घरी. पाऊल उमटतंय तोवर आशा आहे." रोज रात्री कॅमेरा लावून बसतो बिचारा. विनोद सांगतो, नकला करतो. राहिलेलं हसू मिळालं की सगळं मिटेल, असं त्याला वाटतं. एकदा ती तो डबा मोरीत उपडा करत होती. त्यानं हिसकावून घेतला आणि माझ्याकडे आणून दिला. आमची ही तो घरात ठेवू देईना. म्हणून इथं, लिफ्टच्या मशीनच्या खोलीत. किल्ली माझ्याकडे. दर गुरुवारी मी बघतो, पाऊल आहे असं त्याला सांगतो, आणि पीठ पुन्हा सपाट करतो. आजही त्यासाठीच आलो; टाकीचा कॉक काय, वॉचमनही बंद करतो रे.

"आज बघितलंत?" निधीनं विचारलं.

"नाही अजून."

काका किल्ली काढत उठले, आणि तेव्हाच खालून आवाज आला. चौथ्या मजल्यावरून. गच्चीच्या अगदी खालच्या खिडकीतून.

बाई हसत होती. खळखळून.

"काका!" निधीनं टाळी वाजवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "क्षमाकाकू हसल्या! जमलं देवदत्तकाकांना!"

काकांचा चेहरा उजळला. ते कठड्याकडे धावले, खाली वाकले. "देवदत्त! अरे देवदत्त!"

उत्तर आलं नाही. हसणं चालू होतं.

"देवदत्त?"

हसणं चालू होतं. प्रीतमचं हसू हळूहळू विरलं. तो कान देऊन ऐकू लागला.

"काका," तो हलक्या आवाजात म्हणाला, "त्या श्वास कधी घेतायत?"

काका वळले. मशीनच्या खोलीचं कुलूप त्यांच्याच्यानं लवकर उघडेना. निधीनं मोबाईलचा उजेड धरला. कोपऱ्यात स्टीलचा डबा. झाकण घट्ट. त्यांनी ते उचकटलं, उजेड आत टाकला.

पीठ सपाट होतं.