शंभरावी हरकत

"हे अपूर्ण आहे," खिडकी क्रमांक तीनमधून आवाज आला, आणि दोनशे तीस सह्यांचा माझा गठ्ठा जसा गेला तसा परत आला.

मी वाकून आत पाहिलं. नेहमीचे चिडके काका नव्हते. नवा कारकून होता... बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, बोटांना शिक्क्याची जांभळी शाई, आणि डोळे असे की भांडायला आलेल्या माणसाला भांडणाचा विषयच आठवू नये. मला मात्र आठवत होता. डोळे बघून विरघळणाऱ्यांतली मी नाही.

"अपूर्ण म्हणजे?"

"फीवाढीवरच्या प्रत्येक हरकतीला गेल्या वर्षीच्या पावतीची प्रत लागते. अशा शंभर हरकती आल्या तरच समिती सुनावणी घेते. मुदत आज पाचपर्यंत."

"पावत्या कुणाकडेच नाहीत! ग्रंथालयाचं कार्ड काढताना ठेवून घेतात आणि परत देत नाहीत. तुमच्याच विद्यापीठाची पद्धत आहे ही."

"माहीत आहे," तो शांतपणे म्हणाला. मला त्या शांतपणाचा भयंकर राग आला.

फी चाळीस टक्क्यांनी वाढणार होती, तीही माझ्या ऐन शेवटच्या वर्षात. बाबा शाळेचे गणवेश शिवतात. परवा मशीनवरून मान वर न करता ते म्हणाले होते, "एक वर्ष थांब बाळा, पुढच्या वर्षी बघू." ते पुढचं वर्ष येणार नाही, हे मला त्यांच्या आवाजावरूनच कळलं होतं. त्यामुळे मी खिडकीवरून हलणार नव्हते.

"मग काय करू? इथेच रडू?"

"रडून काही होत नाही, मागावं लागतं." त्यानं आवाज खाली आणला. "पावतीची दुसरी प्रत आमच्याकडे असते. विद्यार्थी स्वतः आला, तर शिक्का मारून द्यावीच लागते. नियम आहे. फक्त... आजवर कुणी मागितली नाही."

"म्हणजे मी शंभर जण आणले तर—"

"तर माझं आजचं जेवण गेलं."

"गेलंच समजा!"

अर्ध्या तासात रांग जिन्यापर्यंत पोचली. माझी मैत्रीण चष्मिश रांग सांभाळत होती आणि मी वर्गावर्गांतून, वसतिगृहातून, कॅन्टीनमधून माणसं गोळा करत धावत होते. दर फेरीला खिडकीशी थांबायचे. मोजणीसाठी... निदान चष्मिशला मी तसंच सांगितलं.

"किती झाल्या?"

"एक्केचाळीस, वकीलसाहेब."

"हात दुखत असेल."

"दुखत होता. तुम्ही विचारलंत आणि थांबला."

प्रत्येकाला तोंडावर उत्तर देणारी मी... भलतीकडेच बघू लागले. मी उगाचच रांगेवर ओरडले, "सरळ उभे राहा रे!" आणि पाण्याची बाटली त्याच्यासमोर ठेवून पळाले.

पाचला दोन मिनिटं कमी असताना रांग संपली. चष्मिशनं गठ्ठा मोजला, पुन्हा मोजला, आणि तिचा चेहरा पडला. नव्याण्णव. जिन्यात कुणी नव्हतं, आवार रिकामं झालं होतं. एक प्रत शोधून काढायला तीन मिनिटं लागत होती. मी डोक्याला हात लावला, कारण तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, सगळ्या दुनियेला रांगेत उभं करताना मी स्वतः रांगेत उभीच राहिले नव्हते.

"ही घ्या." त्यानं खणातून एक कागद काढून पुढे केला. माझं नाव, शिक्का, सही, सगळं जागच्या जागी. "सकाळी सगळ्यांत आधी तुम्हीच आला होतात, गठ्ठ्यावर पहिलं नावही तुमचंच. पहिली तुमचीच काढून ठेवली होती."

मी तो कागद गठ्ठ्यावर ठेवला. गठ्ठा पाचच्या आत जमा झाला.

चार दिवसांनी समितीसमोर मी उभी राहिले. अध्यक्षबाई म्हणाल्या, "खर्च वाढलेत, मुली."

"मान्य. पण प्रवेश देताना तुम्ही आम्हाला एक आकडा सांगितला होता. अर्ध्या वाटेत भाडं वाढवणाऱ्या गाडीवाल्याशी आपण भांडतो. इथे तर आम्हाला उतरायचीही सोय नाही. उतरलो तर आधीची दोन वर्षं पाण्यात. नव्या मुलांना वाढीव फी परवडेल का, त्यावर मी वेगळी भांडेन. पण आम्हाला दिलेला शब्द पाळा."

आठवड्यानं निकाल लागला. शिकत असलेल्यांना जुनीच फी. घरी फोन केला, तर बाबा नुसतं "हं" म्हणाले आणि मागे चालू असलेलं मशीन थांबलं. तशीच मी खिडकी तीनकडे धावले.

"जिंकलो!"

तो मनापासून हसला, मग हातातला शिक्का बाजूला ठेवून म्हणाला, "मी इथेच दुसऱ्या वर्षाला असताना फी अशीच वाढली होती. मी शिक्षण सोडलं. परवा त्या वर्षीची हरकतींची फाइल काढली... एकही कागद नव्हता. माझासुद्धा नव्हता. वाटलं होतं, आपल्या एकट्याच्या कागदानं काय होणार."

"पाचला बाहेर या," मी म्हणाले. "मी थांबते."

तो बाहेर आला, तेव्हा पहिल्यांदाच अख्खा दिसला. माझ्यापेक्षा दोन बोटं बुटका.

"हसताय?"

"आवडलात म्हणून हसतेय. खूप आवडलात. आता सांगा, संध्याकाळच्या तुकडीचे प्रवेश कधीपर्यंत?"

"तीस तारीख." त्याला आठवावंही लागलं नाही. खिशातून त्यानं चार घड्यांचा अर्ज काढला... भरलेला. "तुमचं भाषण दाराबाहेर उभं राहून ऐकलं. त्याच दिवशी भरला. पण द्यायला... पाच वर्षं झाली. वर्गात सगळ्यांत मोठा मीच असेन."

"आणि सगळ्यांत लाडका. निदान एकीचा तरी."

त्याचे कान लाल झाले. अर्ज हातात घट्ट धरून त्यानं विचारलं, "सोबत येशील?"

"चल," मी म्हणाले आणि त्याचा मोकळा हात धरला. अर्ज घेणारी खिडकी सहापर्यंत उघडी होती.