कूर्चेची भूक

चंद्रावरच्या सोमपूर वसाहतीत अस्थितज्ज्ञ असलेली मेधा आपल्या मुलीच्या हाडांची चित्रं पाहून मनातून सुखावली. शाल्मली तिथेच जन्मली, तिथेच नऊ वर्षांची झाली. चंद्रावर माणसाचं वजन एक षष्ठांश भरतं, त्यामुळे तिथल्या पोरांची हाडं काडीसारखी नाजूक. शाल्मलीची मांडी आणि नडगी मात्र पृथ्वीवरच्या धडधाकट पोरीच्या तोडीची झाली होती. नाशकातल्या आजोबांना ती आता आयुष्यात प्रथमच भेटू शकणार होती.

हे सगळं भारपोशाखाचं यश. तो बनवला होता आजोबांनीच, म्हणजे मेधाच्या वडिलांनी, डॉ. निळकंठ हळब्यांनी. हाडावर जितका भार पडेल तितकं ते बळकट होतं. पोशाखातले पट्टे अंगाला सतत खाली ओढत आणि हाडांना पृथ्वीवर असल्याचा भास होई.

चित्रं मिळाल्यावर पडद्यावरचे हळबे बराच वेळ गुडघ्याच्या सांध्याकडेच बघत बसले. मग त्यांनी पोशाख घालण्याच्या वेळा विचारल्या. दिवसा घालायचा, झोपताना काढायचा, असं त्यांनी बजावलं होतं. रात्रीही ठेवत होतो, मेधाने सांगितलं. पाहुण्याचं पोट भरल्यावरही आग्रहाने एक पोळी जास्त वाढावी, तसं झालं होतं तिचं.

"हाडाला रक्त मिळतं, मेधा," ते हळूच म्हणाले. "हाडांच्या टोकांवर कूर्चेची गादी असते, तिला मिळत नाही. ती स्पंजासारखी. दाबली की पाणी सोडते, दाब सुटला की पोषण आत ओढते. तू दाब सुटूच दिला नाहीस. ती उपाशी राहिली."

मेधाला रडू आवरेना. हाडं पृथ्वीजोगी झाली होती आणि सांधे चंद्रावरच जेमतेम पुरतील असे. पृथ्वीवर पोरगी काही महिन्यांत अधू झाली असती, आणि ही गादी एकदा झिजली की पुन्हा भरून येत नाही.

मग हळब्यांनी सांगून टाकलं, की पुढच्या यानाने आपणच तिकडे येतो.

मेधा दचकली. उतारवयातली हाडं चंद्रावर विरली की परतीची वाट बंद, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. तिने तसं बोलून दाखवलं. शेजारी बसलेल्या शाल्मलीला मात्र उपाय सापडला होता.

"आजोबा, माझा पोशाख आई तुमच्या मापाचा करेल. दिवसा घाला, रात्री काढा. मग तुम्हाला परत जाता येईल."

आजोबा हसले.

"नको गं राणी. परत जायचं असेल त्याने हाडं सांभाळावीत."